नवा टॅटू काढताय? सुई टोचण्याआधी आणि नंतरच्या महिनाभरात काय पाळायचं, वाचा सविस्तर

मीरा रोड (नया नगर) : सुट्टीच्या दिवशी विरारला गाडी बदलायची, मीरा रोडला उतरायचं आणि स्टेशनबाहेरच्या टॅटूच्या दुकानात शिरायचं. गावाकडच्या पोरांचा हा ठरलेला बेत झाला आहे. कुणाला महाराजांची राजमुद्रा हवी असते, कुणाला आई-बाबा, कुणाला महादेवाचा त्रिशूळ, तर कुणाला नुकत्याच जमलेल्या मैत्रिणीचं नाव. तासाभरात काम होतं, फोटो स्टेटसला लागतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच हात घेऊन पोरगा चिखलात नाही तर गोठ्यात उतरतो. घोटाळा होतो तो इथेच.

नवा टॅटू म्हणजे चित्र नाही, ती जखम आहे. जखमेसारखीच तिची काळजी घ्यावी लागते. टॅटू काढावा की काढू नये हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण काढायचाच असेल तर आधी काय बघायचं, नंतर काय पाळायचं आणि कोणती चूक पुढे भरतीत किंवा दवाखान्यात महागात पडते, ते एका ठिकाणी देत आहोत.

गोंदण आपलंच, मग भीती कसली?

टॅटू शहरातून आला असं तरुणांना वाटतं. पण घरातल्या आजीचा हात बघा. कपाळावर, हनुवटीवर हिरवट टिपके, मनगटावर तुळस नाही तर विंचू, कुणाच्या हातावर नवऱ्याचं नाव. वारली, कातकरी, ठाकर बायकांच्या अंगावर तर गोंदण हा दागिनाच. मेल्यावर सोनं-नाणं इथेच राहतं, गोंदण तेवढं सोबत येतं, असं जुनी माणसं सांगतात.

पूर्वी काजळीत सुया बुडवून गोंदायचे. आता मशीन आली. मशीनची सुई मिनिटाला शेकडो ते हजारो वेळा वर-खाली होते. प्रत्येक टोचणीला शाई कातडीच्या वरच्या थराखाली साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल जाते. वरचा थर सतत झडून नवा येतो, म्हणून मेंदी उतरते. टॅटूची शाई खालच्या थरात बसते. अंगातल्या पेशी तिला बाहेरची वस्तू समजून गिळतात आणि तिथेच अडकवून ठेवतात. म्हणून टॅटू जन्मभर राहतो.

म्हणजे एका टॅटूत कातडीला हजारो भोकं पडतात. सुई, शाई, पाणी किंवा हात यातलं काहीही अस्वच्छ असेल तर घाण थेट रक्तापर्यंत पोचते. आजीच्या काळी कुणाला गोंदल्यावर ताप आला, कावीळ झाली, तर त्याचा संबंध सुईशी कुणी जोडत नव्हतं. आता तो संबंध माहीत झाला आहे.

सगळ्यात आधी : भरती द्यायची आहे का?

गावोगावी पोरं पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. सैन्य, निमलष्करी दल, अग्निवीर हीच त्यांची आशा. अशा मुला-मुलींनी हा भाग दोनदा वाचावा.

सैन्य भरतीच्या नियमानुसार कायमचा टॅटू फक्त दोन जागी चालतो. एक, कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत, हाताच्या आतल्या भागावर. दोन, तळहाताच्या मागच्या बाजूला. दंडावर, मानेवर, छातीवर, पाठीवर किंवा पायावर टॅटू असेल तर वैद्यकीय तपासणीत उमेदवार बाद होऊ शकतो. सरकारी यादीत असलेल्या आदिवासी जमातींना त्यांच्या परंपरेप्रमाणे गोंदणाची सवलत आहे. पण तिलाही अटी आहेत, त्यामुळे त्या भरवशावर नवा फॅशनचा टॅटू काढू नये.

केंद्रीय निमलष्करी दलांच्या शिपाई भरतीत नियम आणखी कडक आहे. धार्मिक चिन्ह किंवा नाव चालतं. जागा मात्र डाव्या, म्हणजे सलाम न करणाऱ्या हाताच्या कोपराखालचा आतला भाग किंवा पंज्याची मागची बाजू. आकार त्या अवयवाच्या पाव भागापेक्षा कमी हवा.

नियम बदलू शकतात. म्हणून ज्या वर्षी फॉर्म भरायचा त्या वर्षीची जाहिरात उघडून टॅटूचा परिच्छेद स्वतः वाचा. दुकानदाराचं "चालतंय रे" यावर विश्वास ठेवू नका. पोलीस किंवा अन्य कोणत्याही भरतीलाही हीच पद्धत ठेवा. भरतीचं वय असेपर्यंत टॅटू पुढे ढकलणं सगळ्यात सोपं.

कुणी थांबावं, कुणी डॉक्टरांना विचारावं?

- वय १८ पूर्ण नसेल तर थांबा. अंग वाढतं तसं चित्र ताणतं आणि आवडही बदलते.
- गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी काढू नये.
- शुगर, सिकलसेल, लिव्हरचा आजार, रक्त पातळ करायची गोळी, हृदयाच्या झडपेचा त्रास यापैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुई टोचून घेऊ नका.
- जुनी जखम भरल्यावर ज्यांची कातडी गाठीसारखी फुगते, त्यांना टॅटूवरही तशीच गाठ येऊ शकते. छाती आणि खांदा या जागा तर जास्त धोक्याच्या.
- सोरायसिस असणाऱ्यांना टोचलेल्या जागी नवा चट्टा उठू शकतो.
- ज्या जागी टॅटू काढायचा तिथे गजकर्ण, पुरळ, कापलेलं किंवा उन्हाने भाजलेलं असेल तर आधी ते बरं होऊ द्या.

दोन लसींची चौकशी आधीच करून ठेवा. धनुर्वाताची लस गेल्या दहा वर्षांत घेतली आहे का? शेण-मातीत काम करणाऱ्याला ती एरवीही लागतेच. दुसरी हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीची लस. मोठ्या माणसाला तिचे तीन डोस लागतात : पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. हिपॅटायटिस सी वर मात्र लस नाही. त्यापासून वाचायचं तर सुई कोरी असणं हाच उपाय.

कोणत्या महिन्यात काढावा?

शहरातला माणूस कधीही टॅटू काढू शकतो. शेतकऱ्याला कामाचं गणित बघावं लागतं. टॅटूची वरची जखम भरायला दोन ते तीन आठवडे लागतात. तेवढे दिवस ती जागा चिखल, शेण, खत, औषध फवारणी आणि घामापासून लांब ठेवता यायला हवी.

भात लावणीत काढला तर पाय-हात दिवसभर गढूळ पाण्यात. झोडणीच्या वेळी पेंढ्याचं कूस टोचतं. चैत्र-वैशाखात ऊन आणि घाम. त्यातल्या त्यात पिकं घरात आल्यावरची थंडी बरी. घरात लग्न असेल तर हळदीच्या आधी महिनाभर किंवा लग्नानंतर. ताज्या टॅटूवर हळद चोळून घेणं म्हणजे जखमेवर पूड चोळणं.

उत्तन, पाली, चौककडच्या दर्यावर जाणाऱ्या आणि मासळी निवडणाऱ्या मंडळींनी जास्त सांभाळावं. खाऱ्या पाण्यात आणि मासळीत असे जंतू असतात जे उघड्या जखमेतून शिरतात. अमेरिकेत टॅटू काढल्यावर पाच दिवसांनी समुद्रात पोहलेल्या एका माणसाचा अशाच जंतूने जीव गेला. त्याला आधीपासून लिव्हरचा आजार होता. ही नोंद २०१७ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आहे.

दुकान चांगलं कसं ओळखायचं?

भिंतीवरचे फोटो, एसी आणि रंगीत लाइट यावर जाऊ नका. दुकानाचा परवाना लटकत असला तरी सुईची स्वच्छता कुणी रोज येऊन तपासत नाही. ती आपणच तपासायची. पुढच्या गोष्टी खुर्चीत बसण्याआधी बघा.

१. सुई : बंद पाकिटातली, तुमच्या डोळ्यांसमोर फोडलेली. पाकिटावर मुदतीची तारीख असते, ती वाचा. पाकीट आधीच फोडलेलं असेल तर उठा.

२. शाई : मोठ्या बाटलीतून छोट्या प्लास्टिकच्या टोपीत ओतून घेतात. ती टोपी नवी हवी आणि उरलेली शाई फेकून द्यायला हवी. आधीच्या गिऱ्हाईकाची उरलेली शाई म्हणजे त्याचं रक्त मिसळलेली शाई.

३. पाणी : शाई पातळ करायला नळाचं किंवा पिण्याच्या बाटलीतलं पाणी वापरलं तर चालत नाही. निर्जंतुक पाणी लागतं.

४. हातमोजे : नवे, आणि मध्येच मोबाईल उचलला तर बदललेले.

५. वस्तरा : केस काढायला नवं ब्लेड.

६. मशीन आणि वायर : प्लास्टिकने गुंडाळलेली. खुर्ची प्रत्येक गिऱ्हाईकानंतर पुसलेली.

७. वापरलेली सुई : जाड डब्यात टाकलेली, साध्या कचऱ्यात नाही.

मशीनचा धातूचा भाग पुन्हा वापरत असतील तर तो ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे प्रेशर कुकरसारख्या यंत्रात १२१ अंशांच्या वाफेवर निदान १५ मिनिटं ठेवावा लागतो. नुसतं उकळत्या पाण्यात बुडवणं किंवा डेटॉलने पुसणं पुरेसं नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस जिवंत राहतो.

शाईचंही तसंच. २०११-१२ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात टॅटू काढलेल्या १९ जणांच्या कातडीवर हट्टी पुरळ उठलं. तपासात दोष दुकानाच्या स्वच्छतेत नाही, तर कारखान्यातून तयार होऊन आलेल्या करड्या शाईत सापडला. म्हणून शाईची बाटली सीलबंद कंपनीची आहे का, तिच्यावर नाव आणि मुदत आहे का, हे विचारायला लाजू नका. बाटलीचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. पुढे त्रास झाला तर डॉक्टरांना तो कामाला येतो. रंगांपैकी लाल रंगाने खाज आणि ॲलर्जी होण्याचं प्रमाण जास्त आहे.

जत्रेतली मशीन

म्हसा असो की डहाणूची महालक्ष्मी, जत्रेत गोंदणाऱ्यांची पथारी नवी नाही. आता तिथे सुयांच्या जुडीऐवजी बॅटरीवरची मशीन असते. भाव कमी, रांग मोठी, धूळ उडतेय आणि पाण्याची सोय नाही. अशा ठिकाणी एकच सुई पुढच्याच्या हातावर जाते का, हे बघायला कुणी थांबत नाही. चौघे मित्र एकाच सुईने एकाच वाटीतून नाव गोंदवून घेतात, त्याला दोस्ती म्हणतात. तिथे एकाला रक्तातली कावीळ असेल तर ती चौघांच्या घरी जाऊ शकते. दोस्तीखातर एवढं करू नये. गोंदणाऱ्यावर राग नाही, त्याचंही पोट त्यावर आहे. पण नवी सुई त्याला मागा, नसेल तर पुढे चला.

मेंदीचा पर्याय, पण काळ्या मेंदीपासून सावध

नया नगर हा मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेचा, मुस्लिम वस्ती जास्त असलेला भाग. इस्लाममध्ये बहुतेक आलिम कायमचं गोंदण निषिद्ध मानतात, मेंदीला मात्र परवानगी आहे. त्यामुळे ईदच्या आदल्या रात्री इथे हातावर मेंदी काढून घ्यायला गर्दी. ज्याला हौस भागवायची आहे पण आयुष्यभराची खूण नको, त्याला मेंदीची ही वाट चांगली.

फक्त रंग बघा. खरी मेंदी हिरव्या पानांची, तिचा रंग केशरी ते तपकिरी येतो आणि चढायला काही तास लागतात. काही मिनिटांत कोळशासारखा काळा रंग देणारी जी "काळी मेंदी" असते, तिच्यात केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन मिसळलेलं असू शकतं. त्याने कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात, डाग राहतो. एकदा ॲलर्जी झाली की पुढे केसांना डाय लावला तरी त्रास होतो. लहान मुलांना काळी मेंदी अजिबात लावू नका.

टॅटू काढायच्या दिवशी

पोटभर जेवून जा, उपाशीपोटी चक्कर येते. आदल्या दिवसापासून दारू नको, रक्त जास्त येतं आणि शाई नीट बसत नाही. आंघोळ करून, सैल सुती कपडे घालून जा. नाव किंवा अक्षरं असतील तर कागदावर स्वतः लिहून न्या आणि कातडीवर छाप उमटवल्यावर सुई लावण्याआधी ऱ्हस्व-दीर्घ, काना-मात्रा तपासा. आरशात नाही, थेट किंवा मोबाईलच्या मागच्या कॅमेऱ्यातून. "आशीर्वाद" चुकला तर तो जन्मभर चुकलेला राहतो. भाव बहुतेक ठिकाणी चौरस इंचावर असतो, तो आधी ठरवा.

नंतरची काळजी, दिवसांच्या हिशोबाने

पहिला दिवस : दुकानात पट्टी किंवा प्लास्टिक लावून देतात. साधं प्लास्टिक असेल तर दोन-चार तासांनी काढा, आत घाम आणि रक्त साचून कुबट होतं. औषधी पारदर्शक पट्टी असेल तर किती दिवस ठेवायची ते दुकानातच विचारून घ्या. पट्टी काढण्याआधी हात साबणाने धुवा. मग कोमट, स्वच्छ पाणी आणि बिनवासाचा सौम्य साबण घेऊन बोटांनी हलकेच धुवा. घासणी, काथ्या, नारळाची शेंडी नको. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी गढूळ असेल तर उकळून गार केलेलं वापरा. स्वच्छ कपड्याने टिपून घ्या, चोळू नका. पहिल्या रात्री थोडी शाई आणि पाणी पाझरतं, घाबरू नका. चादर धुतलेली घ्या.

दुसरा ते चौथा दिवस : लाली, थोडी सूज, उन्हाने भाजल्यासारखी आग. दिवसातून दोन-तीन वेळा धुवायचं, सुकवायचं आणि बिनवासाच्या मॉइश्चरायझरचा अगदी पातळ थर. जाड थापलं तर कातडीला हवा लागत नाही आणि धूळ चिकटते. पेट्रोलियम जेली टाळावी, तिने रंग फिका पडू शकतो असं त्वचारोग तज्ज्ञ सांगतात.

पाचवा ते चौदावा दिवस : खाज सुटते आणि रंगीत पापुद्रे निघतात. रंग उडाला असं वाटतं, पण निघते ती वरची मेलेली कातडी. खाजवू नका, पापुद्रा ओढू नका. ओढला तर खालची शाई निघून पांढरा ठिपका राहतो. फारच खाज आली तर स्वच्छ हाताने वरून हलकेच थोपटा.

तिसरा-चौथा आठवडा : कातडी चकचकीत दिसते, रंग धूसर वाटतो. हळूहळू उजळतो. आतली जखम पूर्ण भरायला दोन-तीन महिने जातात. जखम भरल्यावर उन्हात जाताना एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन लावा, नाही तर पूर्ण बाहीचा शर्ट घाला. उन्हाने रंग लवकर विटतो.

हे करू नका

- नदी, तलाव, विहीर, समुद्र, स्विमिंग पूल यात तीन-चार आठवडे उतरू नका. आंघोळ चालते.
- चुना, हळद, राख, शेण, टूथपेस्ट, झाडपाला काहीही लावू नका.
- मेडिकलमधून गजकर्णाची स्टिरॉइडवाली ट्यूब आणून लावू नका. खाज दबते, पण जंतू आत वाढतात.
- फवारणी, युरिया टाकणं, गोठा साफ करणं पहिले दोन आठवडे दुसऱ्यावर सोपवा. अगदीच टळत नसेल तर स्वच्छ सुती कापडाने झाकून करा आणि लगेच धुवा.
- जनावराला किंवा कुत्र्याला टॅटू चाटू देऊ नका.

धोक्याची खूण कोणती?

लाली तीन दिवसांनी कमी होण्याऐवजी पसरत असेल, जागा तापत असेल, पू किंवा वास येत असेल, ताप-थंडी वाजत असेल, टॅटूपासून वर लाल रेघ चढत असेल, किंवा काखेत-जांघेत गाठ आली असेल, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. मीरा-भाईंदरमध्ये असाल तर भाईंदर पश्चिमेचं भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय, ज्याला लोक टेंभा म्हणतात, ते सरकारी आहे. श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर थेट १०८.

वापरलेली सुई टोचली असा संशय आला तर वाट बघू नका. ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना खरं सांगा. एचआयव्हीपासून संरक्षणाची औषधं द्यायची की नाही हे ते ठरवतात, आणि ती वेळेत सुरू झाली तरच उपयोगी पडतात. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते, नाव गुप्त राहतं. माहितीसाठी १०९७ हा मोफत नंबर आहे. २०१८ पासून सरकारच्या हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सी काविळीची तपासणी आणि औषधंही मोफत आहेत. सी ची कावीळ आता गोळ्यांनी बरी होते, फक्त वेळेवर कळली पाहिजे. कावीळ म्हणून नुसतं झाडपाल्यावर बसू नका.

रक्तदान आणि तपासण्या

टॅटू काढल्यावर १२ महिने रक्तदान करता येत नाही. गावच्या शिबिरात लाजून लपवू नका. तुमचं रक्त कुणाच्या तरी लेकराला जाणार असतं. एमआरआय काढायची वेळ आली तर टॅटू आहे हे आधी सांगा. क्वचित शाईतल्या धातूमुळे जागा गरम होते.

नको झाला तर?

मैत्रीण दुसरीकडे नांदायला गेली, नाव हातावर राहिलं. अशी वेळ अनेकांवर येते. उपाय एकच : त्वचारोग तज्ज्ञांकडून लेझर. ते एका दिवसात होत नाही. सहा ते आठ आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात, म्हणजे सहज वर्ष जातं. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर निघते, हिरवी-पिवळी चिवट. सावळ्या कातडीवर डाग राहू शकतो. काढायचा खर्च टॅटूच्या खर्चाच्या कितीतरी पट होतो.

भरती तोंडावर आली म्हणून ॲसिड, चुना, मोरचूद किंवा तापलेल्या सळईने टॅटू जाळायचे प्रकार होतात. तसं करू नका. टॅटू जातो की नाही सांगता येत नाही, पण भाजल्याची खूण नक्की राहते आणि तपासणीत तीही दिसते.

थोडक्यात लक्षात ठेवा

भरतीचा नियम आधी वाचा. शेतीचं काम हलकं असेल तो महिना निवडा. सुईचं पाकीट डोळ्यांसमोर फोडायला लावा. तीन आठवडे धुणं, सुकवणं, झाकणं, आणि खाजवायचं नाही. पू किंवा ताप दिसला की घरगुती उपाय बंद आणि दवाखाना सुरू. एवढं पाळलं तर हातावरचं नाव आजीच्या गोंदणासारखं म्हातारपणापर्यंत बिनघोर मिरवता येईल.